छोटीसाठी गोकर्ण

"मनालीच्या थंडीत छोटीला धाप लागेल," लेकीच्या काळजीनं मी नवऱ्याला म्हटलं. दिवाळीतल्या पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी मी गोकर्ण निवडलं. हवा उबदार, समोर समुद्र आणि हॉटेलजवळच मुलांचे डॉक्टर. त्यांच्याशी फोनवर बोलूनही घेतलं.

"शिकलेल्या सुनेचा हा फायदा," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

भाऊबीजेला नणंद दोन मुलांना घेऊन आली. माझ्या नवऱ्याला ओवाळून तिनं तबक पुढं केलं. "दादा, ओवाळणी टाक की! का पाकिटाला कुलूप लावलंयस?"

"ओवाळणीत गोकर्ण! उद्या मुलांना घेऊन आमच्याबरोबर चल." मग तो माझ्याकडं वळला. "गाडीत आता जागा पुरायची नाही गं. शिवाय छोटीला प्रवास सोसेल का, ही काळजी तुलाच होती ना? राहा तुम्ही दोघी घरी निवांत."

सकाळी गाडीत माझ्या जागेवर बसत नणंद म्हणाली, "वहिनी, ठिकाण मात्र झकास शोधलंस हं!"