यंदा पहिला नंबर

फोन ठेवल्यावर चष्मेवाल्याने हातातली काच इतक्या जोरात घासली की तिच्यावर ओरखडाच उठला.

"काय म्हणाल्या आई?" बायकोने विचारलं.

"काय म्हणणार? लाडक्याचं कौतुक. कराचा रिटर्न भरायला अजून अख्खा हिवाळा जायचाय, पण यांच्या लेकाने पावत्या तारखेवार टाचूनसुद्धा ठेवल्यात म्हणे."

आई गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्याकडे राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी चष्मेवाल्याच्या पोटात दुखायचं. धाकटा मुलांना पोहायला शिकवायचा. लहानपणी दोघे एकदमच पडले तरी आई आधी धाकट्याला उचलायची, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. वडील गेल्यावर ती गेली तीही धाकट्याकडेच. खरं तर धाकट्याने तिला विचारलं होतं आणि याने विचारलंच नव्हतं, पण एवढा तपशील तो सोडून द्यायचा. बायकोने कधी विषय काढलाच तर म्हणायचा, लाडक्यापाशीच बरी आहे ती. दुकानावरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिच्यात जुन्या फ्रेमांची खोकी धूळ खात पडली होती.

रिटर्नच्या बाबतीत चष्मेवाला म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस. शेवटच्या आठवड्यात कोटाच्या खिशांतून, गादीखालून पावत्या हुडकत तो घर डोक्यावर घ्यायचा.

पुढच्या रविवारी आईने जखमेवर मीठ चोळलं. धाकटा यंदा पहिल्याच दिवशी भरणार होता, आणि आईला सांभाळणाऱ्याला मिळते ती सवलतही घेणार होता. ती एकाच मुलाला मिळते, जो आधी भरेल त्याला, हेही तिने सहज सांगून टाकलं.

सवलत तशी किरकोळच होती. पण आईचा मुलगा कोण, तर धाकटा, असं आता सरकारदरबारीही नोंदलं जाणार, या विचाराने चष्मेवाल्याला जेवण गोड लागेना. त्याला धाकट्याचा हेवा वाटत होता, आणि तो वाटतो याची लाजही वाटत होती. लाजेपेक्षा हेवा वरचढ ठरला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चष्म्यांचे रिकामे डबे फळीवर मांडले. एकात भाड्याच्या पावत्या, एकात काचांच्या खरेदीच्या, एकात विजेची बिलं. शटर ओढण्याआधी दिवसाचा कागद ज्याच्या त्याच्या डब्यात. सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं बायको म्हणाली. एका गिऱ्हाइकाला तर त्याने चष्म्याऐवजी विजेच्या बिलाचा डबा बांधून दिला आणि रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्यामागे धावत गेला.

रिटर्नचा हंगाम उघडायच्या बराच आधी तो करसल्लागाराच्या दारात उभा राहिला. सल्लागाराने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग याच्याकडे.

"आईची सवलत घ्यायची तर त्या तुमच्या पत्त्यावर राहायला हव्यात," तो म्हणाला. "नुसतं लिहून चालत नाही. तपासायला माणूस येतो."

"राहील."

"त्यांना विचारलंत?"



त्या संध्याकाळी फोन त्याने स्वतःहून लावला. रविवार नव्हता. सरकारी कामासाठी तुला इकडे राहायला यावं लागेल, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"धाकट्याला वाईट वाटेल रे," आई म्हणाली.

"वाटू दे. सगळं त्यालाच का?"

मग त्याने खोली रिकामी केली. भिंतींना रंग दिला, खिडकीशी खाट ठोकली आणि उजेड तिच्या डोळ्यांवर येतो का, हे स्वतः आडवं पडून पाहिलं. तपासणीसाठीच करतोय, असं तो बायकोला सांगत राहिला.

हंगाम उघडला त्या दिवशी सकाळीच त्याने रिटर्न भरला. यंदा पहिला नंबर तुमचा, असं सल्लागार म्हणाला, तेव्हा त्याला रस्ताभर शीळ घालावीशी वाटली.

संध्याकाळी धाकटा आईला घेऊन आला. चष्मेवाला जिन्यातच उभा होता.

"मी सकाळीच भरला," त्याने सांगून टाकलं. "आईच्या नावासकट. वाईट वाटून घेऊ नकोस."

"काय भरलंस?" बॅगा खोलीत ठेवत धाकट्याने विचारलं.

"रिटर्न. आता तुझ्या त्या टाचलेल्या पावत्या..."

"कुठल्या पावत्या?" धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, मी दरवर्षी मुदत उलटल्यावर दंडासकट भरतो. आणि आईची सवलत असते, हे तर मला आत्ता तुझ्याकडूनच कळतंय."

चष्मेवाल्याने आईकडे पाहिलं. ती खाटेवर बसून उशीला अभ्रा घालत होती.

"तू बोलवायची वाट बघून थकले रे," ती म्हणाली. "म्हटलं, निदान याच्यावर जळून तरी मला घेऊन येशील."