रुमालाखालचा सौदा

हॅरी विलायतेत पोटासाठी फुटबॉल खेळायचा. चार क्लबांनी त्याला एकमेकांना विकलं. लढाईत शिपाई होऊन तो नगरच्या छावणीत आला आणि रविवारी बाजारातल्या अनवाणी गड्यांकडून खेळू लागला. त्यांचा म्होरक्या मेहताब, बैलांचा दलाल.

"इकताना तुला इचारलं न्हाई कुनी?"

"नाही."

"मंग तू बैलच की रं! आमी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो. बैलाला कोन इचारतंय?"

पुढच्या रविवारी मैदानात छावणीच्या संघाचा कप्तान गुरकावला, "हॅरी, आजपासून तू आमच्याकडून. तुझ्या साहेबाशी ठरलंय माझं."

हॅरीनं सरकारी बूट काढले, मेहताबच्या खांद्यावरच्या रुमालात गुंडाळले आणि कप्तानाच्या हातात कोंबले.

"सौदा बुटांचा झालाय, साहेब. बैल अनवाणी खेळणार."