डांबराखालची डबी

डांबराचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी लागला मात्र, पुष्पावतींनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, रस्त्याच्या मधोमध ड्रेनेजच्या झाकणावर नेऊन मांडली आणि पदर खोचून तिच्यावर ऐसपैस बसल्या. रोलर चार हातांवर येऊन थांबला.

ठेकेदाराचा सुपरवायझर बसवंत धावत आला. "अक्का, स्वल्प, थोडं बाजूला व्हा. उद्या मोठी माणसं यायची आहेत. आज रस्ता झालाच पाहिजे."

"होऊ दे की! मी कुठे नको म्हणते? आधी झाकणाची चौकट नव्या रस्त्याच्या बरोबरीने वर उचलून घे, मग काय तो रस्ता कर." रागावल्या की पुष्पावतींचं बंगळुरूत मुरलेलं कन्नड त्यांच्या मराठीपेक्षाही ठसठशीत होई, आणि आज त्या चांगल्याच रागावल्या होत्या.

"आज वरून डांबर टाकतो. नंतर फोडून देतो ना, अक्का."

"खालच्या गल्लीतली फोडलीस? काल तिथली सगळी झाकणं गाडून आलास. आता कुठलं कुठे आहे, तुला तरी सापडेल का?"

बसवंतने मान खाजवली आणि उगाच रोलरकडे बघितलं.

झाकण साधं नव्हतं. त्याच्या पोटाला एक डबी बसवलेली होती. खालचं मैलापाणी किती वर आलंय ते ती ड्रेनेज खात्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर कळवायची. पाणी गळ्याशी आलं की तिथे घंटा वाजायची, आणि घरात घुसायच्या आत उपसायची गाडी यायची. लोखंडाखालून तिचा निरोप नीट पोचत नाही म्हणून झाकणही फायबरचं आणलेलं. त्यावर चार बोटं डांबर बसलं की कसला निरोप आणि कसली गाडी! ही डबी नव्हती तेव्हा, सुनेच्या डोहाळजेवणाची पानं वाढलेली असताना, मोरीतून अख्ख्या वस्तीची घाण उलटी वर आली होती. सून भरल्या पानावरून उठून पळाली. कोरमंगलाच्या या उतारावर सगळ्यात खोलगट घर त्यांचंच. तो दिवस पुष्पावती मरेपर्यंत विसरणार नव्हत्या.

"अगं, चल आत," दारातून श्रीधरराव नवऱ्याच्या हक्काने पण दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्याही घरात मोऱ्या आहेत."

"मग ऑफिसलाच विचारा ना, अक्का," बसवंत वैतागला. "ते सांगतील तसं करतो."

पुष्पावतींनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला. पडद्यासमोर बसणारी दिव्यश्री त्यांना आवाजावरूनच ओळखत होती. "अक्का, काळजी करू नका. तुमचा सगळा भाग हिरवा दिसतोय. खालची गल्ली तर कालपासून अगदी शांत आहे. कुठे काही तुंबलेलं नाही."

"ऐकलंत?" बसवंतचा चेहरा उजळला. त्याने रोलरवाल्याला हात केला.

"शांत आहे म्हणे!" पुष्पावती खुर्चीवरून उठल्या. बसवंतला वाटलं, सुटलो एकदाचा. पण त्यांनी खुर्ची बाजूला सारली, त्याच्याच माणसांची पहार उचलली, झाकणाच्या खाचेत घातली आणि अंगातला सगळा भार तिच्यावर टाकला.

डबी बसवून गेलेल्या माणसाने त्यांना बजावून ठेवलं होतं, अक्का, याला हात लावायचा नाही, झाकण नुसतं कलंडलं तरी ऑफिसात घंटा वाजते. तेव्हापासून त्यांनी शेजारच्या मुलांना त्यावर उड्यासुद्धा मारू दिल्या नव्हत्या. आज झाकण एका अंगाला उचललं गेलं आणि असा भपकारा आला की बसवंतने नाकाला रुमाल लावला.

फोनमध्ये टूं टूं सुरू झालं. "अक्का! तुमच्या दारातलं झाकण कुणीतरी उघडलंय!"

"कुणीतरी नाही, मीच. आता जरा त्या खालच्या गल्लीच्या डब्यांनाही बोलायला सांग."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. दिव्यश्री पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पडला होता. "अक्का, त्यांचा शेवटचा निरोप काल सकाळचा आहे. नवीन काही आलंच नाही, तर पडदा ते जुनंच हिरवं दाखवत बसतो."

"येणार कुठून? डांबराखाली गाडल्यात त्या! गाडणारा हा इथे उभा आहे, विचार त्याला."

"मॅडम, मला वरून सांगितलं तसं मी..." बसवंत रुमालातूनच म्हणाला.

"रोलर जागचा हलवू नका," दिव्यश्रीने त्याचं बोलणं तोडलं. "आमची गाडी निघतेय, माणसं घेऊन. आधी खालच्या गल्लीतलं डांबर फोडायचं. अक्का, तोवर तुम्ही झाकण खाली ठेवा. इथे घंटा थांबत नाहीये."

पुष्पावतींच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं, पण पहार सुटली नव्हती. श्रीधरराव पायरी उतरून आले. आजूबाजूला कोण बघतंय ते त्यांनी एकदा बघितलं, लुंगी वर खोचली आणि दोन्ही हातांनी पहार धरली.

"सरक. दमलीस."

"अक्का, ठेवताय ना खाली?" फोनमधून पुन्हा आलं. मागे घंटा वाजतच होती.

"गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाही ठेवायची," पुष्पावती म्हणाल्या. "ठेवलं की तुम्हाला लगेच सगळं हिरवं दिसायला लागतं."