टीचरांचं इंजिन

"डिझेल," कॅथरिन टीचर म्हणाल्या आणि आलोशियसने हातातला पाना खाली ठेवला.

वालीवच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये लाकडं फोडायचं यंत्र तयार उभं होतं. फक्त इंजिन बसवायचं राहिलं होतं. ते बसलं की यंत्र जाणार आणि यंत्र गेलं की टीचरांचं येणंही थांबणार.

"डिझेल चांगलंच," तो घाईघाईने म्हणाला. "पण जड असतं. हँडल फिरवून सुरू करायचं म्हणजे तुमचा हात भरून येईल."

"मग पेट्रोल?"

"पेट्रोल हलकं. दोरी ओढली की चालू. पण गाठीचं लाकूड आलं की धापा टाकतं. आणि पितं किती!"

"म्हणजे अजून विचार करायला हवा, मिस्त्री."

"करायलाच हवा!" आलोशियस म्हणाला. त्या रिक्षात बसून दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्याने चक्क शीळ घातली.

मे महिन्यातल्या वादळात टीचरांच्या वाडीतली जुनी चिंच आडवी झाली होती. ओंडके असे चिवट, की कुऱ्हाड उडून परत यायची. म्हणून त्या चौकशी करायला आल्या होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी डायना मुंबईत नोकरीला. आलोशियसने बहिणींची लग्नं केली, आईचं आजारपण काढलं आणि त्यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता पन्नाशी उलटल्यावर तो दर शनिवारी दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून ग्रीसमध्ये हात घालत होता. टीचर यायच्या. चहा व्हायचा. इंजिनावरून सुरू झालेलं बोलणं कोंबडी-पोह्यांच्या भुजिंगपर्यंत, चर्चच्या गायकवृंदातल्या बेसूर आवाजापर्यंत जायचं. पाऊस आला, गेला. इंजिन काही ठरेना.

शेवटी त्याचा पार्टनर कल्पेश वैतागला. रविवारी आलोशियस चर्चमध्ये मिस्सेला गेलेला असताना त्याने डिझेल इंजिन बसवलं, यंत्र टेम्पोवर चढवलं आणि परतलेल्या आलोशियसला ड्रायव्हरशेजारी कोंबलं.

"अरे, त्यांचं अजून ठरलेलं नाही!"

"वापरतील तेव्हा ठरेल. जा!"

आलोशियस मयतीला निघाल्यासारखा निघाला. आता बोलायला विषयच उरणार नव्हता. 'यंत्र बरं चालतंय ना?' असं वर्षातून एकदा विचारता येईल, फार तर दोनदा.

टेम्पो वाडीत शिरला. टीचर ओट्यावर आल्या आणि यंत्र बघून जागच्या जागी थबकल्या. त्यांच्या मागून डायना बाहेर आली. सुट्टी म्हणून ती घरी आली होती.

"हे काय आणलंत, अंकल?"

"लाकडं फोडायचं यंत्र. तुमच्या चिंचेसाठी."

"कुठली चिंच?" डायनाने विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे केळीची रोपं कमरेएवढी झाली होती. "ती तर बेकरीवाला जूनमध्येच घेऊन गेला. एक ढलपीसुद्धा ठेवली नाही त्याने!"

आलोशियसने केळींकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. मग टीचरांकडे. त्यांची मान कानापर्यंत लाल झाली होती. जून, जुलै, ऑगस्ट... त्याच्या छातीत कुणीतरी हँडल फिरवून काहीतरी चालू केल्यासारखं धडधडायला लागलं.

"मग टीचर," त्याने विचारलं, "इतके शनिवार तुम्ही..."

डायनाने आईकडे पाहिलं, मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, आणि तोंडावर हात दाबून ती घरात पळाली.

ज्यांनी नुसत्या डोळ्यांनी अख्खा वर्ग गप्प केला होता, त्या टीचर आता स्वतःच खाली बघू लागल्या. त्यांनी उगाच पदर सारखा केला. मग ओट्याच्या पायऱ्या उतरून त्या टेम्पोजवळ आल्या.

"हे परत न्या, आलोशियस," त्या म्हणाल्या. "मला अजून पेट्रोलचं बघायचंय."