नवमीतला 'व'

"'न' आली आहे. 'मी' आलेली नाही," शाळेचं दार म्हणालं आणि मिटूनच राहिलं.

"अरे ठोकळ्या, मी समोर उभी आहे!" नवमी कडाडली. आत पेपर वाटायला सुरुवात झाली होती.

गावातली दारं आता नावांची यादी वाचून उघडत. 'राम व श्याम' वाचता यावं म्हणून ती 'व' दिसला की तिथे नाव तोडून दोन करत, मग तो नावाच्या पोटात का असेना! कटकट नको म्हणून लोकांनी नावातला 'व'च टाकला होता. भालेराव बाई तर केव्हाच भालेरा झाल्या होत्या.

"नवमे, पेपर बुडेल. 'नमी' लाव नि ये आत," बाई खिडकीतून म्हणाल्या.

"नाही लावणार! नमी कोण? मी तिला ओळखतसुद्धा नाही."

दाराला नवा नियम शिकवायची मुभा सगळ्यांनाच होती, फक्त कुणी हात लावत नव्हतं. नवमीने दाराच्या पाटीवर ठणकावून लिहिलं: दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल, तरच 'व'पाशी तोड.

"नवमी आली आहे," दार म्हणालं आणि उघडलं.

ती वर्गाकडे धावत सुटली. बाई मात्र दारापाशी आल्या.

"माझं नाव बदल," त्यांनी दाराला दरडावलं. "भालेराव. शेवटचा 'व' ठसठशीत लिही."