चिणलेलं दार

नोव्हेंबरच्या त्या दुपारी गावच्या जुन्या चर्चमध्ये अंधारून आलं होतं. डॉर्कस थ्वेट नातीला कुशीत घेऊन बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी उभी होती.

पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी उत्तरेचं दार उघडं ठेवत. बाळाच्या अंगातून निघालेलं वाईट तिथून बाहेर जावं, असा समज होता. पुढे कधीतरी ते दार दगडांनी चिणून टाकलं. आता भिंतीत त्याची कमान तेवढी दिसायची.

पाद्री प्रॉसरनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. बाळ रडलं नाही. त्यानं कमानीकडे मान वळवली आणि तिथून ठकठक ऐकू आली.

"आई, बाहेर कोण आहे गं?" डॉर्कसची लेक इमोजेन कुजबुजली.

"बाहेर कोण असणार? नुसती थडगी आहेत," डॉर्कस बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"थंडीनं दगड कुरकुरतात हो, मिसेस थ्वेट," पाद्री म्हणाले. पण त्यांचा हात पाण्यातच थांबला होता.

पुन्हा ठकठक झाली, या वेळी जोरात, घाईघाईनं. इमोजेनचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीची भीती घालवावी म्हणून डॉर्कसनं बाळ तिच्याकडे दिलं, तरातरा कमानीखाली गेली आणि भिंतीला कान लावला.

दगड गार होता. पलीकडे वाऱ्याचीही चाहूल नव्हती. "बघ, काही नाही," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात अगदी तिच्या गालाशी ठकठक झाली आणि चुन्याची पूड तिच्या बाहीवर सांडली.

ठोठावणारं भिंतीपलीकडे नव्हतंच. ते तिच्या शेजारी उभं होतं आणि त्याला बाहेर जायचं होतं.