गप्प बसण्याचं स्टिकर

"मावशी, पिस्तूल गुलाबी मिळतं का गं?" मैत्रिणींनी डेअर दिलं होतं, म्हणून धम्मशीलाने इंग्लंडमधल्या वॉटफर्डहून व्हिडिओ कॉलवर बेधडक विचारून टाकलं. मागे सगळ्या खिदळल्या.

टेक्सासमधली शिक्षिका मावशीही हसली. "मिळतं, पण बजेटबाहेर. शाळेत कुणी गोळीबार करायला शिरलं तर हाताशी असावं, म्हणून मी छोटं, स्वस्तातलं बघतेय. शर्टाखाली लपेल असं."

"लपवायचं कशाला?"

"वर्गातली पोरं पाच वर्षांची आहेत गं. दिसलं तर घाबरतील."

तेवढ्यात मावशीची मुलगी यशू स्क्रीनमध्ये घुसली. "ताई, माझं स्टिकर बघ! शाळेत बंदूकवाला आला तर लपायचं, त्या ड्रिलमध्ये सगळ्यात जास्त वेळ गप्प मीच बसले!"

मैत्रिणींचं खिदळणं थांबलं.

संध्याकाळी आईबाबा दारात चपला काढत होते, तेव्हाच धम्मशीलाने सांगून टाकलं, "यशू आपल्याकडे राहायला येणार. माझी खोली तिला. आणि इथे तिला कुणीही गप्प बस म्हणायचं नाही."